शिरेत उघडलेलं दार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नात्यातलं कुणी इस्पितळात दाखल झाल्याची बातमी आली, की आपल्या पुण्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘कुठल्या दवाखान्यात?’ आणि दुसरा, ‘सलाइन लावलंय का?’ लावलंय म्हटलं, की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. खरं तर या शब्दाचा अर्थ खारं पाणी, इतकाच. पण आपल्या बोलण्यात बाटली, नळी, सुई आणि उपचार सुरू झाल्याचा दिलासा, या सगळ्यांचा मिळून तो एक शब्द झाला आहे.

या सगळ्या सरंजामात सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे हातावर चिकटपट्टीखाली दडलेली इंच-दीड इंचाची मऊ नळी. इस्पितळातली माणसं तिला कॅन्युला, इंट्राकॅथ किंवा व्हेनफ्लॉन म्हणतात. आपण सरळ ‘सुई’ म्हणतो. आज बोलायचं आहे ते या नळीबद्दल आणि तातडीच्या विभागात ती बसवणाऱ्या हातांबद्दल. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या नळीचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. शीर उघडणं हे अर्धंच काम आहे. उघडलेल्या शिरेवर नजर ठेवणं हे उरलेलं अर्धं.

सुरुवात एका वास्तुविशारदापासून होते. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल ज्यानं उभारलं, त्या ख्रिस्तोफर रेननं तरुणपणी, १६५६ मध्ये, ऑक्सफर्डला एका कुत्र्याच्या शिरेत अफू मिसळलेलं मद्य सोडून पाहिलं. साधन काय, तर पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी आणि तिला बांधलेली जनावराच्या मूत्राशयाची पिशवी. त्याआधी १६२८ मध्ये विल्यम हार्वेनं रक्त शरीरात फिरतं हे सिद्ध केलं होतं. रक्त फिरत असेल, तर एका शिरेत सोडलेली वस्तू सगळ्या देहात पोचेल, हा रेनचा साधा तर्क होता. तो बरोबर ठरला, पण माणसाच्या कामी यायला पावणेदोनशे वर्षं जावी लागली आणि त्यासाठी पटकीची साथ यावी लागली.

पटकी, म्हणजे कॉलरा. मरीआईचा फेरा म्हणून आपल्या खेड्यापाड्यांनी ज्याची धास्ती घेतली, तोच हा रोग. १८१७ मध्ये बंगालातून उठलेली साथ पुढच्या वर्षभरात दख्खनेत आली आणि पुढच्या लाटेत, १८३१ मध्ये, इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. तिथं विल्यम ब्रूक ओ’शॉनेसी नावाच्या विशीतल्या आयरिश डॉक्टरनं रोग्यांचं रक्त तपासलं. रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, म्हणून ते दाट, काळसर झालं आहे, असं त्याला आढळलं. मग गेलेलं पाणी आणि मीठ शिरेतून परत का देऊ नये, असं त्यानं सुचवलं.

ते करून दाखवलं थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरनं. मे १८३२ मध्ये एडिंबराजवळच्या लीथ बंदरात मरणपंथाला लागलेली एक वृद्ध स्त्री त्याच्यापुढे होती. नाडी लागत नव्हती, चेहरा ओढलेला, डोळे खोल गेलेले. लाटानं तिच्या दंडाची शीर उघडली, चांदीची बारीक नळी आत सारली आणि मीठ व सोडा घातलेलं पाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. पहिल्यांदा काहीच फरक दिसेना. तो नेटानं सोडत राहिला. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सव्वातीन लिटरांहून जास्त पाणी आत गेलं. बाईचे डोळे उजळले, हातापायांत ऊब आली, नाडी परतली. आता आपल्याला बरं वाटतंय, झोप हवी आहे, असं ती सांगू लागली.

रोगी सावरला असं पाहून लाटानं तिला इस्पितळातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवलं आणि तो निघाला. थोड्या वेळानं उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले. पण तिला पुन्हा पाणी कुणी दिलं नाही. साडेपाच तासांत ती गेली. ही हकिगत खुद्द लाटानंच लिहून ठेवली आहे आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ती त्याच वर्षी छापली गेली. शिरेतून पाणी दिल्याच्या पहिल्या यशस्वी प्रयोगाची ही कहाणी आहे, आणि तो प्रयोग कशानं फसला याचीही तीच कहाणी आहे. औषध बरोबर होतं, हात बरोबर होता. नंतर पाहणारं कुणी नव्हतं.

लाटा पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, वारला. ओ’शॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि पुढे हिंदुस्थानभर तारायंत्राचं जाळं विणण्यासाठी प्रसिद्धी पावला. शिरेची गोष्ट मागे पडली. त्याला कारणंही होती. जंतूंची कल्पनाच नव्हती. पाणी उकळून निर्जंतुक करायचं, हे माहीत नव्हतं. खारं पाणी शिरेत गेलेले बरेच रोगी पटकीनं नाही, तर रक्तात जंतू शिरून गेले असणार.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यातच हा उपाय पुन्हा हाती घेतला. द्रावणातलं मीठ वाढवलं, किती द्यायचं ते रक्त मोजून ठरवलं आणि पटकीचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. तरीही सलाइन लावलं की पुष्कळांना हुडहुडी भरून ताप यायचा. पाणी उकळून गाळलं तरी यायचा. त्याचं कोडं १९२३ मध्ये फ्लॉरेन्स साइबर्ट या अमेरिकन संशोधक महिलेनं सोडवलं. उकळल्यावर जंतू मरतात, पण त्यांच्या शरीरातला तापकारी अंश पाण्यात उरतो, हे तिनं दाखवून दिलं. तो काढून टाकता येऊ लागला, तेव्हा कुठे ही बाटली भरवशाची झाली.

आता आपल्या गावाकडे येऊ. दानशूर डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं. अडल्यानडल्यानं रात्री-अपरात्री जायचं ते ठिकाण. तातडीच्या प्रसंगाची पुण्यातली सर्वांत गाजलेली रात्रही याच ससूनमधली. १२ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया इथं कर्नल मॅडॉक यांनी केली. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. वीस वर्षांनी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, याच शहरातल्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या आजारात होत्या. मुलानं, देवदासनं, विमानानं पेनिसिलिन मागवलं होतं. ते दर काही तासांनी सुईनं टोचावं लागणार, हे कळल्यावर गांधीजींनी त्याला संमती दिली नाही. त्या नवलाच्या औषधाचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये पुण्याच्या वेशीवर पिंपरीत स्थापन झाला. पुढे याच कारखान्यात सलाइनच्या बाटल्याही तयार होऊ लागल्या.

पण बाटली आली तरी नळी अजून आली नव्हती. माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, अम्मीला विषमज्वर झाला होता. उलटी टांगलेली काचेची बाटली, तांबूस रबरी नळी आणि शिरेत चक्क पोलादी सुई. हात हलला की सुई शीर फाडून बाहेर. म्हणून पुठ्ठा लावून तिचा हात बांधून ठेवला होता. कूस बदलायची तरी आधी हाताला विचारायचं, असं ती नंतर हसून सांगायची. त्या काळी रबरी नळ्या आणि सुया उकळून पुन्हा वापरत. बोथट झालेली सुई दगडावर घासून तिला धार लावणाऱ्या परिचारिका आजही निवृत्तीचं आयुष्य जगत आहेत. त्यांना विचारा, त्या सांगतील.

ही अडचण सोडवणारी युक्ती तोवर सापडलेली होती, आपल्याकडे सर्रास पोचायची होती. १९५० च्या सुमारास अमेरिकेत, रॉचेस्टर गावातल्या मेयो क्लिनिकमध्ये, डेव्हिड मासा या शिकाऊ भूलतज्ज्ञानं पोलादी सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवली. सुईनं शीर भेदायची, नळी आत सरकवायची आणि सुई काढून घ्यायची. आत राहते ती फक्त मऊ नळी. आजची कॅन्युला याच युक्तीची लेक. म्हणून एक गैरसमज इथंच काढून टाकावा. ‘हातात सुई आहे, हलवू नकोस,’ असं आपण रुग्णाला बजावत असतो. हातात सुई नसते. ती केव्हाच डब्यात गेलेली असते.

या नळ्यांच्या टोकाला रंग असतात. ते शोभेसाठी नसतात. पिवळी २४ नंबरची, तान्ह्या बाळांसाठी. निळी २२, गुलाबी २०, हिरवी १८, राखाडी १६ आणि नारिंगी १४. नंबर मोठा तितकी नळी बारीक, हा उलटा हिशेब तारा ओढणाऱ्या इंग्लिश कारागिरांच्या मापावरून आला. आता ही जाडी इतकी महत्त्वाची का? पॉझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात बारीक नळ्यांतून पाणी सोडून एक नियम बसवला. नळीची त्रिज्या दुप्पट झाली, तर प्रवाह दुप्पट होत नाही, सोळापट होतो. आणि नळी जितकी लांब, तितका प्रवाह कमी. अपघातात रक्त वाहून गेलेल्या माणसाला मिनिटामिनिटाचा हिशेब असतो. म्हणून तातडीच्या विभागात आखूड आणि जाड नळी हवी, शक्यतो दोन्ही हातांत एकेक. आणि तीही शिरा आकसून नाहीशा होण्याच्या आत.

कारण जिथं गरज सर्वांत जास्त, तिथंच शीर सर्वांत अवघड. रक्त कमी झालं, की देह हातापायांच्या शिरा आवळून घेतो आणि उरलेलं रक्त काळजाकडे वळवतो. मराठीत आपण शीर म्हणतो, आमच्या घरात नस म्हणतात. शब्द कुठलाही घ्या, अशा वेळी ती सापडत नाही. अनुभवी परिचारिका तेव्हा डोळ्यांवर विसंबत नाही. ती बोटानं चाचपते. दाबलं की स्पंजासारखी परत उसळते ती शीर, ताठ दोरीसारखी लागते तो स्नायूबंध, आणि ठोका लागतो ती धमनी, तिकडे जायचं नाही. दंडाला पट्टा बांधला जातो, पट्टा हाताशी नसला तर कधी रबरी हातमोजाच. ‘काका, मूठ आवळा,’ ‘आजी, हात सैल सोडा, मुंगी चावल्यासारखं होईल,’ असं बोलत बोलत तिचं काम चाललेलं असतं. ते बोलणंही कामाचाच भाग. घाबरलेल्या माणसाच्या शिरा आणखी आकसतात.

मग त्वचा औषधानं पुसायची आणि ती वाळेपर्यंत थांबायचं, कारण जंतू मरतात ते त्या थांबण्यात. पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावायचं नाही. सुई तिरकी आत गेली की मागच्या छोट्या कोठडीत रक्ताचा थेंब चमकतो. तो दिसला की हात आणखी आडवा करून नळी पुढे, सुई मागे. मागे घेतलेली सुई त्याच नळीत पुन्हा सारायची नाही, नाही तर नळीचा तुकडा कापून शिरेत वाहून जाऊ शकतो. ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी तसं बंधनच घातलं आहे. वापरलेली सुई हाताला टोचली तर काविळीचा किंवा एचआयव्हीचा धोका असतो, आणि तो त्या मुलीनं किंवा मुलानं घेतलेला असतो, आपल्यासाठी. कुठेच शीर मिळाली नाही, तर आता गुडघ्याखालच्या हाडातल्या मगजेत सुई बसवूनही पाणी आणि औषध देता येतं.

पूर्वी हे सगळं ‘कॅज्युअल्टी’ नावाच्या खोलीत, त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्यानं करायचं असे. २००९ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेनं तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखेची मान्यता दिली. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात धावू लागली आणि शीर शोधण्याचं काम हलत्या गाडीत, खड्ड्यांच्या रस्त्यावरही सुरू झालं. त्याआधी १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. सतरा माणसं गेली, पन्नासहून अधिक जखमी झाली. ससूनसह निरनिराळ्या रुग्णालयांत जखमी एकामागून एक येत होते. अशा रात्री प्रत्येक खाटेवरचं पहिलं काम कोणतं, तर श्वास पाहणं, रक्त थांबवणं आणि शीर गाठणं. जखमीचं नाव, गाव, जात, धर्म ही माहिती नंतर भरली जाते.

इथपर्यंत झालं दार उघडण्याचं. आता त्याच्या राखणीचं.

हे दार दोन्ही बाजूंनी उघडं असतं. औषध आत जातं, तसा जंतूही जाऊ शकतो. जागा लाल होते, दुखते, शीर दोरीसारखी कडक होते. क्वचित ताप येतो आणि विष रक्तात भिनतं. घाईत, अपुऱ्या स्वच्छतेत बसवलेली नळी रुग्ण स्थिरावल्यावर, दोन दिवसांच्या आत बदलावी, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. एरवी काय करावं? पूर्वी दर तीन-चार दिवसांनी नळी बदलण्याचा दंडक होता. ऑस्ट्रेलियात तीन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या अभ्यासानं तो तपासून पाहिला. दिवस मोजून बदला किंवा गरज दिसेल तेव्हा बदला, शिरेला सूज येण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण ‘गरज दिसेल तेव्हा’ याचा अर्थ कुणीतरी रोज पाहायला हवं. म्हणजे पुन्हा लाटाच्या त्या म्हातारीपाशीच आपण येतो.

ऑस्ट्रेलियाच्याच एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात २०१३ मध्ये असं आढळलं, की बसवलेल्या नळ्यांपैकी निम्म्या कधी वापरल्याच गेल्या नाहीत. ‘असू द्यावी, लागली तर लागली’ म्हणून त्या बसवल्या होत्या. आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे, ती आपली स्वतःची. अशक्तपणा वाटतो, एक बाटली लावा, असा आग्रह आपण धरतो. अर्धा लिटर साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. अर्धा लिटर ग्लुकोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. दोन कप गोड चहात तेवढी साखर होते. ज्याला तोंडानं पिता येतं, त्याच्या शिरेला भोक पाडून आपण काय मिळवतो?

तोंडानं पिण्यात किती ताकद आहे, ते १९७१ नं दाखवलं. बांगलादेशच्या युद्धात बोनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज घालून पिंपात पाणी तयार केलं आणि ते पाजायला रोग्यांच्या नातेवाइकांनाच शिकवलं. छावणीतल्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. त्या नातेवाइकांच्या हातात सुई नव्हती. ते उशाशी बसून होते आणि घोट-घोट पाजत होते.

म्हणून शिरेची किंमत कमी होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यानंच ते पाहिलं. सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गीयाँ-बारे या आजाराचे रुग्ण निघू लागले. धडधाकट माणसाच्या पायांतलं बळ जातं, मग हातांतलं आणि काहींचा श्वासच अडतो. बघता बघता संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू सापडला आणि बोट दूषित पाण्याकडे वळलं. या आजारावरचं एक मुख्य औषध, इम्युनोग्लोब्युलिन, हजारो अनोळखी रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेलं असतं आणि ते बहुधा पाच दिवस शिरेतूनच द्यावं लागतं. एकदम सोडायचं नसतं. आधी संथ, मग बेताबेतानं वेग वाढवायचा, दर थोड्या वेळानं रक्तदाब पाहायचा, थंडी वाजते का, अंगावर पुरळ उठतं का, ते विचारायचं. त्या महिन्यात पुण्याच्या रुग्णालयांत हे काम ज्यांनी रात्रंदिवस केलं, त्यांची नावं कुठल्या फलकावर लागलेली नाहीत.

१८३२ मध्ये लीथला दूषित पाण्यानं माणसं मेली आणि त्यातून ही नळी जन्मली. २०२५ मध्ये धायरीचा माणूस त्याच नळीनं वाचवावा लागला, आणि संशय पुन्हा पाण्यावरच होता. नळी किती सुधारली हे आपण पाहिलं. पाणी किती सुधारलं, हे ज्यानं त्यानं आपल्या नळाला विचारावं.

आपल्या हाती काय आहे? पुढच्या वेळी आपलं माणूस इस्पितळात असेल, तेव्हा त्याच्या हातावरची चिकटपट्टी पाहा. नळी कधी बसवली, ती तारीख तिच्यावर लिहिलेली असावी. जागा लाल दिसली, दुखू लागली, सुजली, तर संकोच न करता सिस्टरना सांगा. बाटली संपल्यावर पुढे काही द्यायचं नसेल, तर ‘ही नळी अजून हवी आहे का?’ असं नम्रपणे विचारा. आणि पहिल्या खेपेला शीर सापडली नाही, तर त्या मुलीवर ओरडू नका. तिच्या हाताला त्या वेळी शांतता लागते, आणि ती आपणच देऊ शकतो.